एकच खोली, एकच रात्र: ट्वाइनमध्ये छोटा मराठी हॉरर गेम कसा बनवायचा

पहिला गेम बनवायला बसलेला माणूस बहुतेकदा वाड्यापासून सुरुवात करतो. सात खोल्या, तळघर, विहीर, मागे चिंचेचं झाड. तिसऱ्या खोलीपर्यंत उत्साह टिकतो आणि मग फोल्डर तसाच पडून राहतो. एका खोलीचा गेम पुरा होतो, हा त्याचा पहिला फायदा. दुसरा फायदा मोठा आहे. खेळणारा एकाच जागी राहिला की त्याला ती जागा पाठ होते, आणि पाठ झालेल्या जागेत काही हललं की तो दचकतो. अनोळखी वाड्यात खुर्ची सरकली तर कुणाला कळणार?

ही युक्ती जुनी आहे. २००० साली अँड्र्यू प्लॉटकिनने 'शेड' हा मजकुरी गेम केला, म्हणजे चित्रांशिवाय, नुसत्या वाक्यांनी खेळायचा. पहाटे प्रवासाला निघायच्या आधीची रात्र, एकच राहतं घर, आणि बघता बघता त्याच घरातल्या वस्तू बदलत जातात. २०१४च्या 'पी.टी.' या हॉरर गेममध्ये चित्रं आणि आवाज भारी होते, पण मूळ हिशोब तोच: एकच कॉरिडॉर पुन्हा पुन्हा, दर खेपेला थोडा वेगळा. आपणही हेच करणार आहोत, ट्वाइन या मजकुरी गेम बनवायच्या साधनात. वस्तू वाढवायच्या नाहीत, वर्णनं बदलायची. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका नियमावर उभ्या आहेत.

पायरी १ : खोली निवडा आणि कागदावर काढा

जी खोली डोळे मिटून चालता येते तीच घ्या. मी इथे उदाहरणाला गिरगावातल्या जुन्या चाळीतली दहा बाय बाराची खोली घेतो. मावशी दवाखान्यात आहे. तिच्या खोलीवर एक रात्र झोपायचं, पहाटे चारला पाणी येईल तेव्हा पिंप भरायचं, एवढंच काम. ठरावीक वेळेला येणारं पाणी या गेमला आयतं घड्याळ देतं, म्हणून ही जागा.

कागदावर खोलीचा चौकोन काढा आणि वस्तू मांडा. आपल्या खोलीत नऊ आहेत: पिंप, मोरीतला नळ, ट्यूबलाइट, भिंतीवरचं घड्याळ, लोखंडी कपाट, देव्हारा, खाट, माळा आणि दार. नवापेक्षा जास्त नकोत. प्रत्येक वस्तूचं वर्णन तीनदा लिहावं लागणार आहे, म्हणजे नऊ त्रिक सत्तावीस. बारा वस्तू घेतल्या तर छत्तीस होतात आणि शेवटची दहा कंटाळून लिहिली जातात. वाचणाऱ्याला ते कळतं.

पांढरी साडी, मोकळे केस आणि पैंजणांचा आवाज, तिन्ही कृपा करून बाहेर ठेवा. ती बघून आता कुणी घाबरत नाही. भूत आलं हे कळतं आणि माणूस निवांत होतो.

पायरी २ : दार उघडं ठेवा

एका खोलीच्या गेममधला पहिला प्रश्न: हा माणूस बाहेर का जात नाही? नवखा लेखक दाराला बाहेरून कडी घालतो. मग गेम सुटकेचा होतो, खेळणारा किल्ली शोधू लागतो आणि भीती बाजूला पडते. त्यापेक्षा दार उघडू द्या. बाहेर कॉमन गॅलरी आहे, टोकाला दिवा आहे, शेजारी झोपलेत. जायचं तर जा. पण मावशीला शब्द दिलाय, आणि पाणी गेलं तर पुढचा अख्खा दिवस कोरडा. माणसाला थांबवायला लाज आणि जबाबदारी कडीपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

खेळणारा खरंच बाहेर गेला तर तो गेमचा एक शेवट धरा. तो गॅलरीत बसून राहतो, चार वाजतात आणि आतून पिंपात पाणी पडायचा आवाज येतो. नळ तर बंद करून आलो होतो. एवढं पुरे.

पायरी ३ : रात्रीचे तीन तुकडे करा

गेम रात्री १.१० ला सुरू होतो आणि ४ ला संपतो. म्हणजे १७० मिनिटं. प्रत्येक कृतीला पाच मिनिटं धरली तर खेळणाऱ्याकडे ३४ कृती आहेत, आणि सावकाश वाचत खेळलं तर गेम साधारण पंधरा-वीस मिनिटांचा होतो. पिंप बघायला पाच मिनिटं कशी लागतात, असं कुणी विचारत नाही, कारण वेळ सतत पडद्यावर दाखवायची नाही. ज्याला वेळ हवी तो घड्याळ बघेल.

पहिला तुकडा दोन वाजेपर्यंत, म्हणजे दहा कृती. यात काहीही विचित्र घडू द्यायचं नाही. इथे घाई करणाऱ्यांचा गेम पुढे पडतो. दुसरा तुकडा सव्वातीनपर्यंत, पंधरा कृती. यात गोष्टी खटकतात, पण प्रत्येकीला साधं कारण असू शकतं. शेवटच्या नऊ कृतींमध्ये साधी कारणं संपतात.

पिंपाचं उदाहरण पूर्ण बघा.

पहिल्या तुकड्यात: 'निळं प्लास्टिकचं पिंप. पाणी अर्ध्यावर आहे. झाकणावर स्टीलची वाटी उपडी ठेवलीय.'

दुसऱ्यात: 'पाणी पाव पिंपावर आलंय. वाटी सुलटी आहे. आत एक थेंब.'

तिसऱ्यात: 'झाकण मोरीच्या कट्ट्याला टेकवून उभं केलंय. नीट, पडू नये असं. पिंपात हात घातला तर तळापर्यंत कोरडं.'

कुठेही 'भयानक', 'अंगावर काटा', 'गूढ' असे शब्द नाहीत. खेळणाऱ्याने काय वाटून घ्यावं हे आपण सांगायचं नाही. वाटी आधी उपडी होती हे त्याला आठवलं की काम झालं. म्हणूनच पहिल्या वर्णनात वाटीची अवस्था स्पष्ट सांगणं सक्तीचं आहे. जी गोष्ट बदलणार, ती आधी दाखवलेली हवी.

सत्तावीस वर्णनं लिहायला तक्ता करा: उभ्या रकान्यात वस्तू, आडव्यात तीन तुकडे. सगळ्या वस्तू बदलू नका. खाट आणि देव्हारा शेवटपर्यंत जवळपास जसेच्या तसे राहू देत. काही तरी स्थिर असल्याशिवाय बाकीचं हलतंय हे जाणवत नाही.

पायरी ४ : 'तू चढलास' की 'तू चढलीस'?

इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत ही पायरी सापडणार नाही, कारण त्यांना ही अडचणच नाही. मजकुरी गेममध्ये खेळणाऱ्याला थेट संबोधायची पद्धत आहे. मराठीत तसं केलं की क्रियापद लिंग विचारतं: चढलास की चढलीस, झोपतोस की झोपतेस. पात्र ठरवून टाकलं, भाचा किंवा भाची, तर प्रश्न मिटतो. पण 'हे माझ्याबाबतीत घडतंय' हा धागा काही जणांसाठी तुटतो.

मला आवडणारा उपाय म्हणजे वाक्यरचना वळवून घेणं. 'तू झाकण उचललंस' यात क्रियापद झाकणाच्या मागे जातं, खेळणाऱ्याच्या लिंगाशी त्याला घेणं नाही. 'तुला वास येतो', 'हात वर गेला', 'पायाखाली शिडीची पायरी वाजली', सगळी सुरक्षित. जिथे अकर्मक क्रियापद अडवतं, म्हणजे उठणं, बसणं, चढणं, तिथे शरीराच्या अवयवाला किंवा वस्तूला कर्ता करा. मावशीला चिठ्ठीत 'बाळा' म्हणू द्या. या खटाटोपाचा एक फायदाही होतो: माणूस वाक्यातून मागे सरतो आणि खोली पुढे येते. 'तुम्ही' वापरलं तर व्याकरण सोपं जातं, पण मग रात्री दोन वाजता कुणीतरी अदबीने सूचना देतंय असं वाटतं.

पायरी ५ : ट्वाइन उघडा

ट्वाइन हे ख्रिस क्लाइमसने २००९ साली आणलेलं मोफत, मुक्त स्रोत साधन आहे. ब्राउझरमध्ये चालतं, संगणकावर उतरवूनही घेता येतं. उतरवूनच घ्या. ब्राउझरमधली गोष्ट ब्राउझरच्याच साठ्यात राहते. कुणी ब्राउझरचा डेटा साफ केला की गेली. सफारीत तर काही दिवस वापर झाला नाही तरी उडू शकते. रोज काम संपताना संग्रहाची फाइल जतन करायची सवय लावा.

ट्वाइन निवडायचं मराठीसाठीचं कारण वेगळं आहे. तयार गेम म्हणजे एक एचटीएमएल फाइल असते आणि देवनागरी जुळवायचं काम ब्राउझर करतो, तेही बिनचूक. गेम इंजिनांत, म्हणजे युनिटी, गोडो यांसारख्या गेम बनवायच्या मोठ्या सॉफ्टवेअरांत, हे गृहीत धरता येत नाही. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रो या अक्षरं दाखवणाऱ्या भागात जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात, हे अनेकांनी भोगलंय. गोडोमध्ये २०२३च्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी नीट दिसते. पुढे चित्रं हलवायची असतील तर तिकडे जा. पहिल्या गेमला नको.

नवी गोष्ट उघडून स्टोरी फॉरमॅट, म्हणजे गोष्ट कोणत्या नियमांनी चालेल ते ठरवणारा साचा, शुगरक्यूब निवडा. आधीच निवडलेला हार्लो वाईट नाही, पण आवाज आणि मोजणी शुगरक्यूबमध्ये सुटसुटीत आहे. गोष्ट ज्या चौकटींत लिहायची त्यांना पॅसेज म्हणतात. पॅसेजचं नाव मराठीत चालतं, आणि एका पॅसेजमधून दुसरीकडे जायचा दुवा असा लिहायचा:

[[झाकण उचल->पिंप]]

बाणाच्या डावीकडचं खेळणाऱ्याला दिसतं, उजवीकडचं पॅसेजचं नाव. 'खोली' नावाचा एक मधला पॅसेज करा, त्यात नऊ वस्तूंचे नऊ दुवे, आणि प्रत्येक वस्तूच्या पॅसेजमधून परत 'खोली'कडे दुवा. सांगाडा तयार. पडद्यावर हा नकाशा मध्ये धड आणि भोवती पाय अशा कोळ्यासारखा दिसायला हवा. साखळीसारखा लांबत गेला तर तुम्ही गेम सोडून कथा लिहायला लागलात.

पायरी ६ : घड्याळ बसवा

आता दोनच चल, म्हणजे बदलत्या किमती साठवणारी नावं, लागतात: मिनिटं आणि तुकडा. चलांची नावं मात्र रोमन अक्षरांत ठेवा. गेम सुरू होताना एकदाच चालणारा खास पॅसेज असतो, स्टोरीइनिट. त्याचं नेमकं स्पेलिंग, लहानमोठ्या अक्षरांसकट, शुगरक्यूबच्या दस्तऐवजातून उतरवून घ्या. त्यात सेट मॅक्रोने (मॅक्रो म्हणजे शुगरक्यूबची तयार आज्ञा) मिनिटं ७० करा, म्हणजे एक वाजून दहा. प्रत्येक वस्तूच्या पॅसेजच्या सुरुवातीला मिनिटांत ५ मिळवा. मिनिटं १२०च्या खाली असतील तर पहिला तुकडा, १२० ते १९५ दुसरा, पुढे तिसरा, आणि २४० झाली की 'चार वाजले' पॅसेजकडे उडी. ही तपासणी प्रत्येक पॅसेजमध्ये लिहीत बसू नका. एका वेगळ्या पॅसेजमध्ये लिहा आणि इन्क्लूड मॅक्रोने सगळीकडे बोलवा, म्हणजे पुढे आकडा बदलायचा झाला तर एकाच ठिकाणी बदलेल.

वर्णनं इफ, एल्सइफ, एल्स (जर, नाहीतर जर, नाहीतर) अशा तीन फांद्यांत टाका. त्याशिवाय व्हिजिटेड नावाचं फंक्शन आहे, एखाद्या पॅसेजला किती वेळा भेट दिली ते सांगतं. त्याचा वापर एकदोन ठिकाणीच करा. उदाहरणार्थ, दुसऱ्या तुकड्यात कुणी तिसऱ्यांदा माळ्याकडे बघितलं तर फक्त एवढंच: 'पडदा तसाच आहे. हलत नाहीये. खाली पंखा चालू असूनही.'

शुगरक्यूबच्या बाजूच्या पट्टीत मागे-पुढे जायचे बाण असतात. ते कॉन्फिगमध्ये, म्हणजे शुगरक्यूबच्या सेटिंगमध्ये, बंद करा. केलेलं परत घेता आलं की भीती उरत नाही.

पायरी ७ : कोडी दोन, आणि दोन्ही नकोशी

इथे थोडं रेंगाळू. हॉरर गेममधलं कोडं अवघड असण्याची गरज नसते. उत्तर लवकर कळावं आणि ते करावंसं वाटू नये, असं ते हवं. कुलूप, चार आकडी कोड, फाटलेला नकाशा, हे सगळं चाळीतल्या खोलीत उपरं वाटतं.

आपलं पहिलं कोडं हिशोबाच्या वहीत आहे. वही कपाटात. मावशीचा रोजचा हिशोब: दूध, पाव, भाजी, आणि प्रत्येक दिवसाच्या तळाशी एक ओळ, 'वर – १ वाटी'. रक्कम लिहिलेली नाही. पानं मागे उलटली तरी तीच ओळ, शाई बदलते, अक्षर तरुण होत जातं. एवढ्यावरून बहुतेकांना कळतं की रोज रात्री माळ्यावर वाटीभर पाणी ठेवलं जात होतं, आणि मावशी दवाखान्यात गेल्यापासून ठेवलं गेलेलं नाही.

दुसरं कोडं म्हणजे ते पाणी ठेवणं. वाटी पिंपावर आहे. पण खेळणाऱ्याने उशीर केला तर पिंप कोरडं. मग देव्हाऱ्यातल्या तांब्यातलं पाणी घ्यावं लागतं, जे घ्यायला हात धजत नाही. शिडी खाटेमागे आहे, आणि तिसऱ्या तुकड्यात ट्यूब फडफडून बंद पडलेली असते. टॉर्च कपाटात. वाटी, टॉर्च, वही: हातात घ्यायच्या वस्तू तीनच.

प्रत्येक गरजेच्या गोष्टीचा सुगावा दोन ठिकाणी ठेवा. वाटीबद्दल वहीत आहेच. शिवाय माळ्याच्या कडेला पाण्याचे गोल डाग दाखवा, वाटीच्या बुडाएवढे, एकावर एक. खेळणारा कपाट उघडेलच अशी खात्री बाळगू नका.

शेवट चार झाले: गॅलरीत निघून गेलेला, रिकाम्या हाताने माळ्यावर चढलेला, नुसती वाट बघत बसलेला, आणि वाटी ठेवलेला. वर काय आहे ते एकाही शेवटात दाखवू नका. रिकाम्या हाताने चढणाऱ्यालाही आतून फक्त विचारू द्या: 'ती कुठेय?' वाटी की मावशी, हे खेळणाऱ्याने ठरवावं.

पायरी ८ : अक्षरं आणि आवाज

फॉन्टसाठी गूगल फॉन्ट्सवरचा टिरो देवनागरी मराठी बघा, त्यात 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत. ठसठशीत हवा असेल तर एक टाइपचा मुक्ता. दोन्ही मोफत. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.७ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. काळ्या पार्श्वभूमीवर शुद्ध पांढरं अक्षर डोळ्यांत घुसतं, किंचित पिवळसर राखाडी घ्या.

एकेक अक्षर टाइप होत येण्याचा परिणाम हॉरर गेममध्ये सगळ्यांना हवा असतो. देवनागरीत तो फसतो. 'शिडी' शब्द येताना आधी 'श' उमटतो, मग वेलांटी उडी मारून त्याच्या डावीकडे जाते. जोडाक्षर येताना मध्येच पाय मोडलेलं अक्षर दिसतं. भीतीऐवजी हसू येतं. टाइप मॅक्रोऐवजी टाइम्ड मॅक्रो घ्या आणि पूर्ण ओळ दोनेक सेकंदांनी उमटवा. तेही अख्ख्या गेममध्ये चार-पाच ठिकाणीच.

ट्यूब फडफडते ते दाखवायला पडदा लुकलुकवायचा मोह होईल. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झळका नकोत, अशी वेबवरच्या सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी (लुकलुकत्या उजेडाने येणारी फिट) असलेल्यांना त्यातून खरा धोका असतो. शब्दांनी फडफडवा.

आवाज फोनवर घरीच होतो. रात्री पंखा चालू ठेवून रिकाम्या खोलीचा एक मिनिट रेकॉर्ड करा, हा पायाचा आवाज. मग नळाची हवा, लाकडी शिडीची कुरकुर, फरशीवर ठेवलेली स्टीलची वाटी. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कापून घ्या. पंख्याचा आवाज गेमभर चालू द्या आणि तिसरा तुकडा लागताच एकदम तोडा. किंकाळीचा खर्च वाचतो. बाहेरचे आवाज हवे असतील तर फ्रीसाउंड या वेबसाइटवर मिळतात, पण प्रत्येक फाइलचा परवाना वाचा. सीसी झिरो, म्हणजे करणाऱ्याने हक्क सोडून दिलेला परवाना, असेल तर श्रेय देणंही बंधनकारक नसतं.

एक तांत्रिक अडचण: ब्राउझर वापरणाऱ्याने कुठेतरी टिचकी मारल्याशिवाय आवाज वाजवू देत नाहीत. म्हणून पहिल्या पडद्यावर 'हेडफोन लावा' आणि खाली 'सुरू करा' असा दुवा ठेवा.

पायरी ९ : दुसऱ्याच्या हातात द्या

ट्वाइनच्या टेस्ट बटणाने आधी स्वतः चारही शेवट गाठा. त्यात चलांच्या किमती बघता येतात, घड्याळ कुठे चुकतंय ते कळतं. मग गेम अशा माणसाला द्या ज्याला गोष्ट माहीत नाही. शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. 'आता कपाट बघ' म्हणालात की चाचणी संपली. तो कुठे भराभर टिचक्या मारतो आणि कुठे बोट थांबतं, एवढंच लिहून घ्या. भराभर टिचक्या पडल्या तिथलं वर्णन अर्धं कापा. बोट थांबलं तिथे हात लावू नका.

'भीती वाटली का?' असं विचारू नका, लोक खोटं बोलतात. 'पिंपात किती पाणी होतं?' असं विचारा. उत्तर बरोबर आलं तर गेम पोहोचला.

पायरी १० : प्रसिद्ध करा

ट्वाइनमधून फाइल काढा आणि तिचं नाव इंडेक्स ठेवा, शेवटी एचटीएमएल, सगळी अक्षरं लहान. आवाजाच्या फाइली सोबत असतील तर सगळं मिळून झिप करा. इच डॉट आयओ या गेम प्रसिद्ध करायच्या वेबसाइटवर मोफत खातं उघडून चढवा, प्रकल्पाचा प्रकार एचटीएमएल निवडा आणि गेम ब्राउझरमध्ये खेळला जाईल या पर्यायावर खूण करा. मोबाइलसाठीची खूणही विसरू नका, आपले बहुतेक खेळणारे फोनवरच असणार. फोनवर बोटाने दाबायला दुवे एकमेकांपासून लांब हवेत, तेवढं आधी पाहून घ्या.

कुणी तारीख दिल्याशिवाय काम होत नसेल तर एक्टोकॉम्प ही हॅलोविनच्या सुमारास होणारी मजकुरी भयगेमची स्पर्धा बघा. तिच्या एका विभागात गेम चार तासांत पुरा करायचा असतो. मराठी गेम तिथे चालतो का ते नियमांत बघून घ्या; चार तासांची अट मात्र घरी बसूनही लावून घेता येते. नऊ वस्तूंऐवजी पाच घ्या, बाकी सगळं तेच.

सेव्हची सोय कॉन्फिगमध्ये बंद करून टाका. वीस मिनिटांच्या गेमला ती लागत नाही, आणि तुम्ही नवी आवृत्ती चढवलीत की जुन्या सेव्ह फाइलमधले चल नव्या घड्याळाशी जुळत नाहीत; मग दीड वाजता सगळ्या वस्तू तिसऱ्या तुकड्यात जातात आणि तक्रारी तुमच्याकडे येतात.